शस्त्रक्रिया फुकट, चालणे महाग

गरीब कुटुंबातील मुलाच्या हाडांवरील व स्नायूंवरील शस्त्रक्रियांचा बराचसा भार महाराष्ट्र शासनाने गेल्या काही वर्षांत स्वतःकडे घेतला आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३ साली तिचे विमा संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ते सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला. याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि जालन्यासारख्या जिल्ह्यातून या प्रश्नाकडे पाहू लागले म्हणजे एक विसंगती डोळ्यांत भरते. ज्या मुलाचे पाय जन्मतः वाकडे आहेत, अथवा ज्याच्या हालचालींवर मेंदूचा ताबा नाही, त्याच्या उपचारात शस्त्रक्रिया हा सर्वांत कमी वेळाचा भाग असतो. उरलेला भाग वर्षानुवर्षे चालतो, आणि तो कोणत्याही विम्याच्या हिशेबात बसत नाही.

आत वळलेल्या पावलाचे, म्हणजे डॉक्टर ज्याला क्लबफूट म्हणतात त्याचे, उदाहरण घ्यावे. हजारात साधारण एका बाळाला हे व्यंग असते. त्यावर आज जगभर मान्य झालेली पद्धत इग्नासिओ पोन्सेटी यांची आहे. स्पेनच्या यादवी युद्धात हा तरुण डॉक्टर प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींवर उपचार करीत होता. १९३९ साली पराभवानंतर तो फ्रान्समध्ये गेला आणि मेक्सिकोमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे पोचला. लहानपणी पाऊल उघडून मोठी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांची पावले पुढे ताठर व दुखरी होतात, हे त्याला तेथे आढळले. त्याने दुसरा मार्ग शोधला. पाऊल हाताने हळूहळू सरळ करीत न्यायचे, दर आठवड्याला नवे प्लास्टर घालायचे, पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेक बाळांत टाचेमागची कंडरा एका लहानशा छेदाने सैल करायची आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवायचे. त्यानंतर दोन बुटांना जोडणारी आडवी पट्टी, म्हणजे ब्रेस, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी लावायची. आयोवातील रुग्णांची तीस वर्षांनंतर पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ७८ टक्के रुग्णांची पावले चांगल्या किंवा उत्तम स्थितीत होती.

या पद्धतीस महागडे यंत्र लागत नाही. मलावी व युगांडा या आफ्रिकेतील गरीब देशांनी डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तिचे शिक्षण दिले, व त्यांच्या हातून ती यशस्वी झाली. तिला लागतो तो वेळ, आणि वेळ म्हणजेच मजुरी. ब्रेस मध्येच सोडली की पाऊल पुन्हा आत वळते, हे या उपचारातील अपयशाचे प्रमुख कारण आहे.

आता हा उपचार जालना जिल्ह्याच्या वर्षचक्रात ठेवून पाहावा. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे पावसाळा सरला की ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि कामावर न गेल्यास खाडा धरून त्या उचलीवरचा बोजा वाढतो. भाद्रपदात जन्मलेल्या बाळाचे प्लास्टर आश्विनात सुरू झाले, तर तिसऱ्या-चौथ्या प्लास्टरला टोळी निघण्याची वेळ येते. गावी थांबावे तर उचल फिटत नाही. बाळाला घेऊन जावे तर फडाजवळच्या कोपीत प्लास्टर ओले होते, आणि ते बदलायचे कोणत्या दवाखान्यात हे कोणी सांगत नाही. जे फडावर जात नाहीत त्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. मंठ्याहून जालन्याला यायचे म्हणजे साठएक किलोमीटर, आणि जालन्याहून पुढे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचे तर तेवढेच आणखी. आठवड्यातून एकदा, दोन महिने, कडेवर बाळ घेऊन हा प्रवास करणाऱ्या शेतमजूर बाईचे दर खेपेस एका दिवसाचे पोट बुडते.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताच्या, मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. हजारी दोन-तीन बालकांना तो होतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, बाळंतपणात मेंदूला प्राणवायू कमी पडणे, जन्मानंतरचा जंतुसंसर्ग, वेळीच न ओळखलेली तीव्र कावीळ ही त्याची परिचित कारणे. मेंदूची इजा वाढत नाही, मात्र मूल वाढते. हाड लांबते, ताठर स्नायू त्या गतीने लांबत नाही, सांधे आखडतात, आणि अशा मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांचे खुब्याचे हाड खोबणीतून सरकू लागते. येथे अस्थिशल्यचिकित्सकाचे काम सुरू होते. पूर्वी दर एक-दोन वर्षांनी एकेक स्नायू लांबवीत असत, व मुलाचे बालपण रुग्णालयात सरे. आता योग्य वयात आवश्यक त्या सर्व दुरुस्त्या एकाच वेळी करण्याकडे कल आहे. परंतु शस्त्रक्रिया स्नायूची लांबी बदलते, मेंदूची आज्ञा बदलत नाही. त्यानंतर अनेक महिने रोज व्यायाम झाला नाही तर पाय पुन्हा आखडतो. आणि नवजात काविळीने ज्यांच्या हातापायांना अनावर हालचाली जडतात, त्यांच्या बाबतीत स्नायूवरील शस्त्रक्रियेचा लाभ फार मर्यादित असतो. अशी मुले बाळंतपणाच्या खोलीतच वाचवावी लागतात. बाळ पिवळे दिसताच रक्त तपासणे व निळ्या प्रकाशाखाली ठेवणे हा त्यावरचा स्वस्त आणि निश्चित उपाय आहे.

दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवून ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे व फिजिओथेरपिस्टची तपासणी सुरू झाली. त्यापूर्वी दहा मुलांमागे जवळपास एकाचा खुबा पूर्ण निखळत असे. हे प्रमाण एक टक्क्याच्या आत आले. तेथील शल्यचिकित्सक आधीही निष्णातच होते. एकाही मुलाला नजरेआड होऊ न देणारी व्यवस्था तेवढी नव्याने उभी राहिली.

आपल्याकडे अशा व्यवस्थेचा कागद तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा शाळेत तपासणी, वाकडे पाऊल व निखळलेला खुबा यांचा तपासणीच्या यादीत समावेश, आणि जिल्हा पातळीवर त्वरित उपचार केंद्र अशी त्याची रचना आहे. पण तपासणी पथक अंगणवाडीत पोचते तेव्हा मूल फडावर असले, तर यादीत त्याच्या नावापुढे गैरहजर एवढेच लिहिले जाणार.

यावर ठरलेले उत्तर असे, की आईबाप अडाणी असतात, ते उपचार अर्धवट सोडतात. हा युक्तिवाद तपासून घेण्यासारखा आहे. जे कुटुंब अंगावर कर्ज घेऊन घराबाहेर पडते ते हिशेबात चुकत नाही. आजची बुडालेली मजुरी व उद्याचे सरळ पाऊल यांत त्याला निवड करावी लागते, आणि आजची भूक उद्याला थांबू देत नाही. शस्त्रक्रिया शिबिरांनीही हा पेच सुटत नाही. आगगाडीवरील इस्पितळ म्हणून १९९१ साली निघालेल्या जीवनरेखा एक्स्प्रेसने पोलिओग्रस्तांची मोठी सेवा केली, व तिचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु पोलिओ भारतातून गेला, २०११ नंतर वन्य विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही. आता उरलेल्या व्यंगांना एका दिवसाच्या शिबिरापेक्षा दर आठवड्याचे दार हवे आहे.

संख्येचे भयही निराधार आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. हजारी सोळा-सतरा जन्म धरले तर वर्षाला तीसेक हजार बाळे होतात. म्हणजे वाकड्या पावलाची तीसेक व सेरेब्रल पाल्सीची साठ ते नव्वद. आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला ही मुले नावानिशी ठाऊक असणे अशक्य नाही.

मग मागणी काय असावी? पहिली, बुडीत मजुरीची. आदिवासी भागात आजारी बालकाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद महाराष्ट्रानेच केलेली आहे. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा रोख साहाय्य २०१८ पासून मिळते, व ते २०२४ मध्ये पाचशेवरून हजार रुपये झाले. तत्त्व मान्य झालेलेच आहे, ते या मुलांच्या आईबापांना लागू करावयाचे आहे. दुसरी, प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला प्लास्टरचा दिवस, कायम नेमणुकीचा फिजिओथेरपिस्ट आणि सर्व मापांच्या ब्रेसचा साठा. २०२४ पासून जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, त्याच्या अस्थिरोग विभागाकडे या कामाची देखरेख द्यावी. तिसरी, मुलाबरोबर प्रवास करणारे उपचार कार्ड, आणि कारखान्याच्या परिसरातील रुग्णालयावर ते मान्य करण्याचे बंधन. ज्या कारखान्याला आईबापांचे श्रम लागतात, त्याला त्यांच्या बाळाच्या ब्रेसची जबाबदारी झटकता येणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. हक्क कायद्यात आले, ते गावात आणण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. येत्या हंगामापूर्वी आपल्या गावातील अशा प्रत्येक मुलाची यादी आशा व अंगणवाडी सेविकांच्या साहाय्याने करावी, उपचार कोठे तुटला ते तिच्यात लिहावे, आणि ती यादी हाती घेऊन जिल्हा परिषदेच्या व साखर आयुक्तांच्या दारी जावे. मुकादमाशी उचलीचा करार होतो त्याच बैठकीत, ज्या घरी प्लास्टरचे बाळ आहे त्या घराचा खाडा माफ व्हावा, हे कलम संघटनेने मांडावे. टोळ्या निघण्याआधी हे झाले, तर यंदा जन्मलेल्या काही बाळांचे पाऊल पुन्हा वळणार नाही.