कळा सोसण्याचे कौतुक

कळा सोसल्यावाचून आईपण कळत नाही, असे पहिलटकरणीला सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. तिला धीर यावा हा त्यामागील हेतू चांगलाच. परंतु कण्हणाऱ्या स्त्रीला गप्प बसविण्यासही हेच वाक्य उपयोगी पडते. दाढ काढून घेणाऱ्यास मात्र कोणी असा उपदेश केल्याचे ऐकिवात नाही.

हा वाद पुरातन आहे. एडिंबरो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ च्या जानेवारीत एका अडलेल्या स्त्रीला ईथर हुंगविले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. स्त्रीने वेदनांतच प्रसवावे असे बायबल सांगते, असा आक्षेप निघाला. सिम्प्सन यांनी पुस्तिका लिहून त्याच ग्रंथातून उत्तर दिले: आदमची बरगडी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्याला गाढ निद्रा आणली होती! प्रसूतिवेदना हा निसर्गक्रम आहे, त्यात हात घालू नये, असे म्हणणारे डॉक्टरही पुष्कळ होते.

औषधाची भीती मात्र निराधार नव्हती. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देताच दगावली. सारे काही मात्रेवर व देणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून आहे, हे लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी जाणले. (कॉलरा दूषित पाण्याने पसरतो हे दाखविणारे ते हेच.) ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या आठव्या बाळंतपणी त्यांनी रुमालावर थोडे थोडे क्लोरोफॉर्म टाकून ५३ मिनिटे ते हुंगविले. राणी बेशुद्ध झाली नाही. कळांची धार मात्र बोथट झाली. १८५७ मध्ये, शेवटच्या बाळंतपणी, तिने पुन्हा स्नो यांनाच बोलाविले.

क्लोरोफॉर्म आता मागे पडले आहे. आजची सर्वांत परिणामकारक पद्धत एपिड्युरलची. भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून एक बारीक नळी बसवितात आणि तीतून मज्जातंतूंभोवती औषध सोडतात. आई जागी राहते, बोलते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. तिचा रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तो वारंवार मोजावा लागतो. शंभरात सुमारे एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. जोर करण्याचा काळ काहीसा लांबतो. रक्त गोठण्याचा दोष असलेल्या स्त्रीला ही पद्धत चालत नाही. यामुळे शस्त्रक्रियेने प्रसूती होण्याचा संभव वाढतो आणि पाठ जन्मभर दुखते, या दोन समजुतींना मात्र आधार नाही. मागणी करणाऱ्या निरोगी गर्भवतीस एपिड्युरल द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ पासून शिफारस आहे.

परंतु शिफारशीने भूलतज्ज्ञ निर्माण होत नाहीत, आणि तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता तो मिळेलच असे नाही. काही रुग्णालयांत नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मिळते. त्याचा मुखवटा आई स्वतःच हाती धरते, त्यामुळे गुंगी चढली की तो आपोआप दूर होतो. जेथे हेही नाही तेथे हिंडणेफिरणे, कंबर चोळणे, शेक आणि जवळ बसलेले आपले माणूस यांनी कळा सुसह्य होतात. सरकारी प्रसूतिगृहात अशी सोबतीण असू द्यावी, असे केंद्र शासनाने २०१६ मध्येच कळविले आहे. तरीही दारावर अडविले तर तिने हे नम्रपणे, पण ठामपणे सांगावे.

एपिड्युरल हवे असल्यास आठव्या महिन्यातच तीन प्रश्न विचारून ठेवावेत: ते येथे मिळते काय, भूलतज्ज्ञ रात्रीही असतात काय, आणि खर्च किती येईल? कळा सुरू झाल्यावर हे बोलणे बहुधा सासू व पती यांच्यावर पडते. म्हणून तिला काय हवे आहे, ते तिच्याकडूनच आधी ऐकून घ्यावे. कोणी औषध मागेल, कोणी नको म्हणेल.