बचावाची रचना आणि शरीराची किंमत

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये एक वाद कधी जुना होत नाही. बचाव ३-४ने लावायचा की ४-३ने? हा प्रश्न डावपेचांचा म्हणून चघळला जातो, पण तो आरोग्याचाही आहे आणि तसा तो फारसा विचारला जात नाही.

आधी खेळाविषयी थोडक्यात. दोन्ही बाजूंचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाने चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे आणि समोरच्याने त्याला अडवायचे. ४-३ रचनेत पुढच्या फळीत चार धिप्पाड लाइनमन आणि त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर असतात. ३-४मध्ये हीच संख्या उलटी होते. दोन्हींत उरलेले चौघे मागे राहून पास अडवतात.

आता शरीराचा हिशेब मांडू. पारंपरिक ३-४मध्ये मधल्या लाइनमनला, म्हणजे नोज टॅकलला, अनेकदा एकट्याने दोन प्रतिस्पर्ध्यांचा भार पेलावा लागतो, आणि समोरचा प्रत्येकजण साधारण १४० किलोचा असतो. त्यामुळे या जागेसाठी प्रशिक्षक अवाढव्य माणूस शोधतात. रचना निवडली की खेळाडूचे वजनही ठरते. या वजनाची किंमत मोजली गेलेली आहे. ३,४३९ माजी खेळाडूंचा एक मोठा सरकारी अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण खेळाडू सर्वसामान्य पुरुषांपेक्षा जास्त जगतात, असे त्यात दिसले. मात्र बचावातल्या लाइनमनमध्ये हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण सर्वसामान्य पुरुषांपेक्षा ४२ टक्क्यांनी अधिक आढळले.

दुसरा हिशेब डोक्याचा. पुढच्या फळीत जवळपास प्रत्येक डावाला डोकी एकमेकांवर आदळतात. हे धक्के छोटे असतात, त्यांनी कुणी बेशुद्ध पडत नाही. मागून वेगाने धावत येणाऱ्या खेळाडूला धक्के कमी बसतात, पण मोठे बसतात. अनेक वर्षे सगळ्यांचे लक्ष या मोठ्या धक्क्यांवरच होते. २०२३च्या एका अभ्यासात ६३१ मृत फुटबॉलपटूंचे मेंदू तपासले गेले. सीटीई या मेंदू झिजवणाऱ्या विकाराशी 'कन्कशन किती वेळा झाले' यापेक्षा 'आयुष्यभरात डोक्यावर एकूण किती जोर पडला' याचा संबंध अधिक घट्ट निघाला. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंत हा विकार किती, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय त्याचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते. तरीही दिशा स्पष्ट आहे. छोटे धक्केही मोजायला हवेत.

मोठ्या धक्क्यांचे उदाहरण हवे असेल तर शिकागो बेअर्सचा १९८५चा संघ आठवावा. त्यांच्या '४६' बचावात आठ-आठ जण पुढे आणून दडपण टाकले जाई. त्या फळीतला सेफ्टी डेव्ह डुअरसन २०११मध्ये वारला. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. तपासणीत सीटीई आढळला. एका माणसाच्या आजाराचे खापर एका रचनेवर फोडता येणार नाही. पण कोण कुठून, किती वेगाने आणि किती वेळा आदळणार, हे बऱ्याच अंशी रचनाच ठरवते.

यावर प्रशिक्षकांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. आजचे संघ एकाच रचनेला चिकटून राहत नाहीत, दर डावाला मांडणी बदलते. खेळाडू सज्ञान आहेत आणि त्यांना भरपूर पैसा मिळतो. शिवाय दोन खेळाडू मागे खोल ठेवून मोठे पास रोखले, तर समोरचा संघ छोट्या-छोट्या चालींनी पुढे येतो, डाव लांबतात आणि पुढच्या फळीचे धक्के वाढू शकतात. थोडक्यात, एकाचा भार उतरवला तर तो दुसऱ्यावर चढतो. हे खरेच आहे, पण म्हणूनच मोजमाप हवे. सज्ञान माणसाची संमती तेव्हाच खरी, जेव्हा त्याला किंमत ठाऊक असते.

मोजण्याची साधने आहेत. खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये चिप असते आणि ती धावण्याचा वेग, अंतर, जागा सतत टिपते. दातांवरच्या संरक्षक पट्टीत संवेदक बसवून डोक्यावरचा धक्का मोजता येतो. कोणत्या मांडणीत कोणत्या जागेवरच्या खेळाडूला किती धक्के बसतात, याचा ताळा मांडणे अशक्य नाही. हा ताळा संघाच्या डॉक्टरांबरोबर खेळाडूंच्या संघटनेच्याही हाती असला पाहिजे.

खेळ बदलेल म्हणून घाबरण्याचे कारण नाही. १९७८मध्ये पास झेलणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे धक्के देण्यास बंदी आली, पासचा खेळ फुलला आणि बचावाने नव्या रचना शोधल्या. २०२४मध्ये मागून पकडून पायांवर अंग टाकण्याची 'हिप-ड्रॉप' पकड बंद झाली. त्याच वर्षी किकऑफची मांडणी बदलून दुरून धावत येऊन आदळण्याचे अंतर कमी केले गेले. खेळ चालूच राहिला, प्रेक्षकही टिकले.

रचना निवडताना प्रशिक्षक आजवर यार्ड आणि गुण मोजत आले आहेत. त्याच तक्त्यात धक्क्यांचा एक रकाना वाढवायला हवा. सामना तीन तासांत संपतो, त्याचे बिल मात्र खेळाडूचे शरीर पुढची तीस-चाळीस वर्षे भरत राहते.