उघडे खुराडे आणि पोत्यातले मांजर

माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात परसातली कोंबडी ही घरातील बाईची थैली असते. दुधाचा पैसा डेअरीच्या खात्यावर जमा होतो, ज्वारी-बाजरीचा हिशेब पुरुषमाणसे ठेवतात. अंड्यांचे चार पैसे मात्र थेट तिच्या हातात पडतात. मुलाची वही, एस. टी.चे तिकीट, आठवडी बाजारातील तेलमीठ त्यातूनच निघते. तेव्हा एका रात्रीत डालग्याखालची आठ पिल्ले नाहीशी झाली, तर मांजरावर दया करा हे प्रवचन ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नसते. आणि तिने ते ऐकावे अशी अपेक्षा बाळगणेही अन्यायाचे आहे. मोकाट मांजरांचा विचार या बाईच्या नुकसानीपासून सुरू झाला, तरच त्याला काही अर्थ राहील.

मोकाट मांजरांवर खेड्यात आज जे उपाय केले जातात, त्यांत पहिला विषाचा. ऊस, हळद आणि आल्याच्या शेतीमुळे विषारी औषधांचे डबे या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर परिचयाचे आहेत. थिमेट या नावाने खेडोपाडी ओळखल्या जाणाऱ्या फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, परंतु अशा औषधाची चिमूट मासळीच्या तुकड्याला लावून ठेवायची ही युक्ती बंदीने विस्मरणात गेलेली नाही. या जातीच्या विषाने प्राण्याच्या तोंडाला फेस येतो, अंगाला कंप सुटतो, झटके येतात आणि शेवटी श्वास कोंडून तो मरतो. शिवाय आमिष कोणी खावे हे ठेवणाऱ्याच्या हातात नसते. ते कुत्रा खातो, कावळा खातो आणि सकाळी खुराड्यातून सुटलेली कोंबडीही त्यावर चोच मारते. मांजरासाठी मांडलेल्या विषाने आपलाच कळप गारद होणे मुळीच अशक्य नाही.

ज्या घरात आषाढात कोंबडी कापली जाते, तेथे मांजराच्या वेदनेची चर्चा कशाला, असा प्रश्न यावर हमखास विचारला जाईल. प्रश्न खोचक असला तरी त्याचे उत्तर अवघड नाही. खाण्यासाठी एका घावात घेतलेला जीव आणि सूडापोटी तासन्‌तास तडफडत ठेवलेला जीव यांतला फरक खेड्यातल्या माणसाला पंडितांनी शिकवावा लागत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हाच भेद मानला आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यास ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा. आज त्यात एक गावठी कोंबडीसुद्धा येणार नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये एखाद्या प्राण्याला खोडसाळपणे ठार मारणे किंवा विष घालणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ही गोष्ट फारशी कोणाच्या कानावर गेलेली दिसत नाही.

दुसरा उपाय पोत्याचा, आणि तो अधिक सोवळा समजला जातो. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, या समजुतीचा धाक अजूनही ओसरलेला नाही. सोने परवडत नाही म्हणून मांजर पोत्यात घालून कृष्णेपलीकडे नेऊन सोडायचे! पापही लागत नाही आणि पीडाही टळते. वस्तुतः यातले काहीच खरे नसते. अनोळखी शिवारात सोडलेले मांजर कुत्र्यांच्या तोंडी जाते किंवा उपासमारीने खंगते. टिकाव धरलाच तर ते पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या एका बाईची पिल्ले उचलते. काही मांजरे चक्क परतही येतात. आणि भाटी मागे पिल्ले ठेवून गेली असेल, तर ती पिल्ले भुकेने मरतात. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हाही त्याच १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. सोन्याच्या मांजराच्या भीतीने माणसाचा हात थांबला, मांजराचे हाल मात्र थांबले नाहीत.

हे दोन्ही उपाय निष्फळ ठरतात याचे कारण साधे आहे. मांजर जेथे राहते तेथे त्याला अन्न मिळत असते. एक बोका नाहीसा केला तर त्याची मोकळी झालेली हद्द शेजारच्या वस्तीवरचा दुसरा बोका धरतो. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात दोनतीनदा तीन-चार पिल्ले घालते. या वेगाशी पोत्याने शर्यत करता येत नाही.

मुळात प्रत्येक वेळी चोर मांजरच असते काय, हेही पाहिले पाहिजे. मांजराचा खरा रोख पिल्लांवर असतो. पुऱ्या वाढलेल्या, आणि त्यातून खुडूक बसलेल्या कोंबडीच्या वाटेला ते सहसा जात नाही. मानेला चावा घेतलेली मोठी कोंबडी जागीच पडलेली सापडली तर मुंगसाचा संशय आधी घ्यावा. अंडी आणि लहान पिल्ले बिळाकडे ओढत नेण्यात घुशी-उंदीर मांजराला हार जात नाहीत, आणि त्या उंदरांचा बंदोबस्त तेच बदनाम मांजर करीत असते. उसाच्या पट्ट्यात तर आणखी एक घोटाळा संभवतो. लांब पायांचे, आखूड शेपटीचे, मातकट रंगाचे जे जनावर पहाटे बांधावरून जाते ते रानमांजर असू शकते. वाघाटी हे जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. त्याचे वजन जेमतेम दीड किलोच्या आसपास. ऊसतोडणीच्या हंगामात फडात त्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या येतात, आणि वन खाते ती पुन्हा आईपाशी पोचवण्याची खटपट करते. या दोन्ही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. अंधारात काठी उगारणाऱ्याला हा फरक कळणार कसा?

तेव्हा उपाय खुराड्यापासूनच सुरू करावा लागतो. दिवसा घार-कावळ्यापासून बचाव करणारे डालगे रात्री पुरेसे नसते. मांजर ते कलंडवते. वर दगड ठेवण्याची जुनी रीत चांगली, पण बाजारात मिळणारी मोठ्या भोकांची कोंबडीजाळी लावून निश्चिंत होण्याची नवी रीत वाईट, कारण त्या भोकातून मांजराचा पंजा सहज आत जातो. जाळी अर्ध्या इंचाची, तळ फळ्यांचा किंवा फरशीचा, दाराला नुसती दोरी नव्हे तर कडी-कोयंडा, आणि दिवेलागणीपूर्वी पक्षी आत, एवढे पाळले तर रात्रीचे बहुतेक नुकसान टळते. पहिले पाच-सहा आठवडे सर्वांत धोक्याचे. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या योजनांत एक दिवसाची १०० पिल्ले किंवा आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा व ३ नर असे दोन प्रकारचे गट अर्ध्या अनुदानावर दिले गेले आहेत. ज्या घरी पक्के खुराडे नाही, तेथे तलंगांचाच आग्रह धरणे शहाणपणाचे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या पक्ष्यांची संख्या ३१ कोटींच्या वर गेली, म्हणजे आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. खुराडी त्याच प्रमाणात सुधारली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

दुसरी सवय उकिरड्याची. मेलेले पिल्लू उकिरड्यावर भिरकावणे म्हणजे मांजराला कोंबडीची चव लावणे. चिकनच्या दुकानामागे पडणारी आतडी-पिसे हेही तेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. यात रोगाचाही धोका आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तो कोंबड्यांचा रोग म्हणून ओळखला गेला. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या त्याच विषाणूने दगावले आणि २०२५ च्या आरंभी शेजारच्या छिंदवाड्यात तो मांजरांत आढळला. मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरणे हे आता केवळ टापटिपीचे लक्षण राहिलेले नाही.

एवढे करूनही मांजरांची संख्या राहतेच, आणि तिच्यावर पिंजऱ्यात धरून नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे, कानाचे टोक छाटून खूण करणे आणि होते तेथेच सोडणे हा मार्ग आहे. त्याची भलामण करताना एक गोष्ट लपवू नये: नसबंदी केलेले मांजरही उघडे पिल्लू दिसले तर सोडत नाही. खुराड्याला तो पर्याय नव्हे. परंतु वस्तीवरील बहुतेक मांजरांची नसबंदी झाली तर नवी पिलावळ थांबते, आणि जुनी मांजरे हद्द राखून उंदीर मारीत राहतात. मुंबईसारख्या महानगरात हे काम पालिकेने हाती घेतले आहे. खेड्यात ते कोणाचे, हे कोणालाच माहीत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर गाई-म्हशींच्या कामातून सवड काढून मांजराकडे वळतील ही अपेक्षा फार झाली. तथापि सातारा जिल्ह्यातच, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून उभे आहे. १९४९ पर्यंत एकच असलेल्या या दोन जिल्ह्यांना सारख्याच जवळच्या वाटणाऱ्या माणसाचे हे नाव. तेथील विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचा सराव हवाच असतो. ग्रामपंचायतीने समाजमंदिर आणि भूल-औषधांचा खर्च द्यावा, शाळेतील शिक्षकांनी मुलांकरवी कोणत्या आळीत किती मांजरे आहेत याची मोजदाद करून घ्यावी, आणि हिवाळ्यात दोन दिवसांचे शिबिर भरवावे, यात अशक्य असे काही नाही. मांजर धरण्याचे पिंजरे तर चार-सहा गावांत मिळून दोन असले तरी पुरतील. ते ठेवायचे कोणाच्या ताब्यात आणि मोडले तर दुरुस्ती कोणी करायची, याचा निकाल २६ जानेवारीच्या ग्रामसभेत लागू शकतो, तेथे हा विषय पत्रिकेवर आला तर.