पाकिटावरची ओळ

अण्णामामा गेले त्याला नुकतंच वर्ष झालं. वर्षश्राद्ध आटोपल्यावर आम्ही भावंडांनी त्यांचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर आगपेट्यांची लेबलं, टपाल तिकिटांच्या वह्या, उघडून ठेवलेली चार घड्याळं. ही तरुणपणीची वेडं. चाळिशीनंतर एकच उरलं, नाण्यांचं. मामा प्राथमिक शिक्षक होते. नाशिक जिल्ह्यात बदली होईल त्या गावी सराफाकडची मोड, तांबटाकडची जुनी भांडीकुंडी, म्हाताऱ्या बायांचे बटवे, सगळीकडे शिवराई शोधत हिंडायचे.

पहिली शिवराई मी त्यांच्याच तळहातावर पाहिली. जाडसर, ओबडधोबड तांबं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. पण सगळी अक्षरं एकाच नाण्यावर क्वचितच सापडतात. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. घाव बसला तेवढाच मजकूर उमटला. म्हणून कुठे नुसती ‘श्री’, कुठे ‘राजा’तला ‘रा’. मामा हातात भिंग देऊन मला ती अक्षरं जुळवायला लावायचे. शिवराज्याभिषेकापासूनचं हे नाणं पेशवाईतही पाडलं जात होतं, आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होतं. “किती जणींनी मीठमिरची आणली असेल गं याच्यावर!” असं म्हणताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा.

त्यांतलंच एक काळंकुट्ट नाणं मी दहा वर्षांची असताना चिंच लावून लख्ख घासलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. मामा खूश होतील असं वाटलं होतं. ते खिडकीशी उभे राहून भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिले. मग मला जवळ बसवून समजावलं, तो काळेपणा मळ नव्हता. इतक्या वर्षांत तांब्यावर धरलेला थर होता, आणि अक्षरं त्याच्या आधारानं टिकली होती.

गोष्टी खूप सांगायचे, पण जोगलटेंभीची सांगताना त्यांना चहाचीही शुद्ध नसे. १९०६ साली नाशिकजवळच्या या गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचे ठसे मारलेले. हरलेल्या राजाच्या मुखवट्यावर जिंकलेल्याचा चैत्य! मामा म्हणायचे, साठा एकत्र सापडला आणि एकत्र मोजला गेला, म्हणून सातवाहनांच्या विजयाचा एवढा मोठा पुरावा हाती आला. हीच नाणी सुटी सुटी मोडीत गेली असती, तर बहुतेक वितळली असती.

म्हणूनच मामांचं प्रत्येक नाणं वेगळ्या खाकी पाकिटात असे. पाकिटावर गाव, तारीख, वजन, कुणाकडून मिळालं ते. गेल्या आठवड्यात एक व्यापारी बघायला आले. त्यांनी भराभर नाणी वर्तमानपत्रावर ओतली आणि म्हणाले, “पाकिटं राहू द्या, त्यांना काही किंमत नाही.” माझा हात आपोआप पुढे गेला. ओतलेली सात नाणी वजनकाट्यावर ठेवून, ओळी ताडून पुन्हा आपापल्या पाकिटात घालायला आम्हाला संध्याकाळ लागली. दोन नाण्यांबद्दल अजून खात्री नाही, याची रुखरुख आहे.

संग्रह विकायचा नाही असं आता ठरलंय. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्त जिचे पहिले संचालक होते. मामा सुट्टीत तिथे जाऊन बसायचे. तिथे विचारणार आहोत. द्यायचा तर पाकिटांसकट.

आवरताना माझं नाणंही सापडलं. अजूनही इतरांपेक्षा उजळ आहे. पाकिटावर सिन्नरचा आठवडी बाजार, वजन, तारीख. खाली वेगळ्या शाईत एक ओळ: ‘भाचीने चिंचेने घासले. श्री अजून दिसते.’