उणे एक

आमच्या लोहाऱ्याच्या घरी एकाच संगणकात दोन बिऱ्हाडं नांदतात: माझं विंडोज आणि चिरंजीवांचं उबुंटू. दारात ग्रब नावाचा दरवान. "कुणाकडे जायचं?" असं विचारतो आणि 10 सेकंदांत उत्तर नाही आलं, की परस्पर उबुंटूत ढकलतो! अहो, 10 सेकंदांत माझा चष्मासुद्धा सापडत नाही. बाणाची कळ दाबली की मोजणी थांबते, कबूल. पण कळ दिसायला चष्मा नको?

रिकाम्या खोलीतल्या सर्व्हरला ही घाई शोभते. तिथे उत्तर देणारं कुणी नसतं. घरात माणूस बसलेला आहे! यंत्र माझं, वीजबिल माझं. विचारायचं असेल तर थांबा, नाहीतर विचारू नका.

त्यात पहिल्या ओळीचा क्रमांक शून्य! पहिल्या गिऱ्हाइकाला शून्य नंबरचं टोकन दिलं, तर तो बँक डोक्यावर घेईल.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, टाइमआउट उणे एक करा. मग तो कितीही थांबेल." आम्हा कॉमर्सवाल्यांना उणे एक म्हणजे एकाचा तोटा, इथे तो अनंत! केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फाईल बदलून 'अपडेट-ग्रब' हा हुकूमही सोडायचा असतो म्हणे. म्हणजे व्हाउचरवर सही झाली, खात्यात नोंदच नाही!

आता दरवान थांबतो. परवा चष्मा शोधेपर्यंत दोन कप चहा झाला, तो तिथेच.