लेकीच्या सासरची तांबडी वाइन

‘माझी मुलगी फ्रान्समध्ये ल्यों शहरात असते. जावई फ्रेंच आहेत. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता तिकडे जाणार. रविवारी व्याही-विहीणबाई जेवायला येतील आणि टेबलावर वाइन असेलच. आमच्या घरात आजवर बाटली आलेली नाही. यांचं म्हणणं, त्या पंगतीला आपण बसायचंच नाही. हे ऐकून मुलगी फोनवर रडली. मी काय करू?’ असं एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे.

मैत्रिणींनो, परदेशी सून किंवा जावई आता पुष्कळ घरांत आहेत. म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच लिहिते. माझी धाकटी बहीण त्याच शहरात राहते. तिच्याकडे दोन महिने राहून जे पाहिलं, विचारलं आणि नंतर वाचलं, ते सांगते.

पहिली गोष्ट, पंगतीला जरूर बसा. आणि तसं मुलीला आजच कळवा. आपल्याकडे दारूनं संसार धुळीला मिळालेले आपण पाहतो, म्हणून यांचा राग समजण्यासारखा आहे. पण फ्रेंच घरात रविवारच्या जेवणात वाइन येते ती पावाच्या आणि चीजच्या बरोबरीनं. तासन् तास गप्पा चालतात आणि पेला हळूहळू रिकामा होतो. आपण उठून गेलो तर आपण वाइन नाकारली असं त्यांना वाटणार नाही, माणसं नाकारली असं वाटेल. पंगतीला बसणं वेगळं आणि पिणं वेगळं.

प्यायची नसेल तर सुरुवातीलाच हसून ‘नों, मेर्सी’, म्हणजे ‘नको, आभार’ म्हणावं. कारणं देत बसू नये. भिडेखातर पेला भरून घ्यायचा आणि तसाच ठेवायचा, हे मात्र बरं दिसत नाही. पाण्याचा पेला उचलून ‘सांते’ म्हटलं तरी चालतं. सांते म्हणजे आरोग्य. म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, एवढं लक्षात ठेवा. तिथं ते महत्त्वाचं मानतात.

आता बाटली कोणती? मुलीला सांगा, महागाच्या मागे लागू नकोस. ल्योंच्या दक्षिणेला रोन नदीच्या खोऱ्यात होणारी ‘कोत द्यु रोन’ ही रोजच्या जेवणातली तांबडी वाइन. बाजारात साधारण पाच ते आठ युरोत चांगली बाटली मिळते. ग्रनाश, सिरा अशा काळ्या द्राक्षांची ती बनते. लेबलावर ‘आपेलासियों’ हा शब्द पाहावा. ठराविक मुलखातली, ठराविक द्राक्षांची आणि ठरलेल्या नियमांनी केलेली, असा त्याचा अर्थ. कोत द्यु रोनला हा मान १९३७ साली मिळाला. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसलाच हा प्रकार समजा.

शाकाहारी भगिनींसाठी एक सूचना. वाइन नितळ करताना कधी अंड्याचा पांढरा बलक, कधी दुधातलं केसिन, तर कधी माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘व्हेगन’ असं छापलेली बाटली घ्यावी.

वाढण्याची रीत अशी. तांबडी वाइन खोलीतल्या उष्णतेला द्यावी म्हणतात, पण तो नियम जुन्या गार घरांचा! कोत द्यु रोनला सोळा अंशांच्या आसपास गारवा हवा. उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढावी. बूच काढल्यावर बाटलीचं तोंड स्वच्छ फडक्यानं पुसावं. घरचा माणूस आधी आपल्याच पेल्यात घोटभर ओतून पाहतो. यात मोठेपणा नाही, वाइन बिघडलेली नाही ना, ही खात्री असते. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर ती बाटली बाजूला ठेवावी. मग आधी बायकांना आणि वडीलधाऱ्यांना वाढावं. पेला तिसरा हिस्साच भरावा. काठोकाठ भरणं आपल्याकडे अगत्याचं, तिथं ते अडाणीपणाचं. ७५० मिलीलिटरच्या बाटलीत १२५ मिलीलिटरचे सहा पेले होतात. पेला दांडीला धरावा, म्हणजे हाताच्या उबेनं वाइन गरम होत नाही.

कुणाला चव पाहावीशी वाटलीच तर उपाशीपोटी नको. आधी पावाचा तुकडा खावा. पेला पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरका धरून रंग पाहावा, हलकेच फिरवून वास घ्यावा आणि लहानसा घोट तोंडात घोळवावा. द्राक्षांची म्हणून सरबतासारखी गोड असेल, अशी अपेक्षा ठेवू नका. आंबवताना बहुतेक साखरेचा मद्यार्क होऊन जातो. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कडक चहा प्यायल्यावर जीभ जशी आवळते, तसा तुरटपणा जाणवतो. तो द्राक्षांच्या सालीबियांतून येतो. मुलगी मराठी जेवण करणार असेल तर तिखटाचा हात आखडता ठेवावा, कारण मिरची आणि वाइन एकत्र आल्या की जिभेची आग वाढते. कमी तिखटाची भरली वांगी किंवा मसुराची आमटी छान जमते. फ्रेंच मंडळींनाही मसूर आवडतो.

आता जे सांगायलाच हवं ते. तांबडी वाइन हृदयाला चांगली, असं पुष्कळ जण सांगतात. त्या भरवशावर पेला हातात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट म्हटलं, की मद्याचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. मद्यानं कर्करोग होतो हे तर १९८८ पासून मान्य आहे आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या प्रमाणानंही वाढतो. खुद्द फ्रान्समध्ये सरकारी सल्ला आहे, की दिवसाला दोन पेल्यांहून जास्त नको आणि रोज तर नकोच. तिथला पेला दहा सेंटिलिटरचा धरतात, हेही ध्यानात ठेवा. गरोदरपणात एक थेंबही नको. तशी खूण तिथल्या बाटल्यांवर २००७ पासून सक्तीची आहे. साखरेच्या, झोपेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटसुद्धा घेऊ नये.

यांनाही हे सगळं वाचून दाखवा. पुरुषमाणसाला ‘नको’ म्हणायचा संकोच जास्त असतो, म्हणून ते रागावतात. आपल्याला कुणी आग्रह करणार नाही हे कळलं, की राग निम्मा उतरेल. आपल्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या नाहीतर काचेचा जग ठेवायला मुलीला सांगा.

बाटली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी, दोन-तीन दिवस टिकते. उरलेल्या वाइनमध्ये साखर आणि दालचिनी घालून नासपती शिजवतात, हा तिथला आवडता गोड पदार्थ. पण शिजवल्यानं मद्यार्क सगळा जात नाही, तेव्हा मुलांना तो देऊ नये. त्यांच्यासाठी द्राक्षरसात वेगळी नासपती करावी.

पुढच्या वेळी चीजविषयी. शाकाहारी माणसानं कोणतं घ्यावं आणि कोणतं टाळावं, तेही सांगेन.