मनगटावरचा हिशेब

वजन कमी करण्यासाठी म्हणून बाजारात जे जे विकलं जातं, त्यात मनगटावरचा फिटनेस बँड सगळ्यांत सभ्य. तो पावडर पाजत नाही, उपाशी ठेवत नाही, पंधरा दिवसांत दहा किलोची हमी देत नाही. शिवाय तो आता स्वस्त झालाय. दीड-दोन हजारांत बरा बँड मिळतो आणि वाढदिवसाला कुणालाही देता येतो. त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोललं की माणसं दुखावतात. आपण व्यायामाविरुद्धच बोलतोय असं त्यांना वाटतं. पुण्यात तळजाई टेकडीवर किंवा मुंबईत शिवाजी पार्कात सकाळी चक्कर मारा, 'कसे आहात?'च्या जागी 'किती झाले?' ऐकू येईल. उत्तरही ठरलेलं, 'अजून दोन हजार बाकी.'

समोर दुसरा कंपू आहे, कुजकट बोलणाऱ्यांचा. 'आमचे आजोबा काय बँड बांधून शेतावर जात होते?' हा त्यांचा हुकमी प्रश्न. त्यात वर्तमानपत्रात कधीतरी वाचलेलं 'बँड घालणाऱ्यांचं वजन उलट कमी घटतं' हे वाक्य जोडलं की त्यांच्या लेखी खटला निकाली.

मला दोन्ही कंपू चुकलेले दिसतात. बँड वजन उतरवतो, हे खोटं आहे. बँड निव्वळ खेळणं आहे, हेही खोटं आहे. तो एक गोष्ट ठीक मोजतो आणि दुसरी फार वाईट. दुर्दैव असं की वजनासाठी तो घेणारी माणसं विश्वास ठेवतात नेमका त्या दुसऱ्या आकड्यावर.

आधी बँडवाल्यांची बाजू, कारण ती वाटते तितकी पोकळ नाही. आपण दिवसभरात किती चालतो याचा आपला अंदाज बहुतेक वेळा आपल्याच बाजूने झुकलेला असतो. आकडा समोर आला की तो अंदाज जागेवर येतो. २००७मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात कमरेला लावायच्या साध्या पावलं-मोजणीयंत्रांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. यंत्र वापरणारी माणसं रोज दोन हजारांवर पावलं जास्त चालत होती आणि पावलांचं लक्ष्य ठरवून देणं त्यात महत्त्वाचं ठरलं होतं. २०२२मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'ने आणखी मोठा पसारा तपासला : ३९ आढावे, सुमारे १ लाख ६४ हजार माणसं. निष्कर्ष असा की बँडमुळे रोज साधारण १,८०० पावलं आणि ४० मिनिटांचं चालणं वाढतं, आणि वजन सुमारे एक किलोने घटतं.

चालणं वाढतं, हे मान्य. आता त्या शेवटच्या आकड्यापाशी थांबू. एक किलो. नव्वद किलोच्या माणसाचे एकोणनव्वद. रात्री किती जेवलो आणि सकाळी पोट साफ झालं की नाही, यानेही काट्यावर जवळपास एवढा फरक पडतो. एवढ्यासाठी कुणी बँड घेत नाही आणि जाहिरातीतला सपाट पोटाचा तरुणही एवढ्यासाठी धावत नाही.

१,८०० पावलं वाढूनही वजन एवढंच का हलतं? हिशेब सोपा आहे. चालताना शरीर दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण अर्धी कॅलरी जास्तीची जाळतं. सत्तर किलोचा माणूस दहा हजार पावलं, म्हणजे सुमारे सात किलोमीटर चालला, तर त्याच्या खात्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी जमा होतात. एका वडापावात सुमारे तीनशे असतात. टेकडी उतरून गाडीपाशी उभं राहून 'आज एवढं चाललो, एक चालतोय' म्हणताना तो माणूस तोट्यात गेलेला असतो, आणि मनगट त्याला नफा दाखवत असतं. बँड न घालणाराही वडापाव खातो हे मला माहीत आहे. पण तो हिशेब करून, परवानगी मिळाल्यासारखा खात नाही.

मनगट नफा दाखवतं याचं कारण त्याला कॅलरी दिसतच नाहीत. त्याला दोनच गोष्टी कळतात : हात किती हलला आणि, हिरवा दिवा त्वचेवर टाकून, नाडी किती पडते. त्यात तुमचं वय, उंची, वजन घालून एक सूत्र बाकीचं ठोकून देतं. पण नाडी मे महिन्याच्या उकाड्याने वाढते, दोन कप कडक कॉफीने वाढते, साहेबांच्या फोनने तर हमखास वाढते. त्यातून चरबी काही जळत नाही. २०१७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात वेगवेगळी मनगटी यंत्रं ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातांपैकी सहा यंत्रांनी नाडी चांगली मोजली, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यांत अचूक यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. 'ती जुनी यंत्रं होती' असं यावर म्हटलं जातं. असतील. पण प्रयोगशाळेत तोंडाला मुखवटा लावून, माणूस किती प्राणवायू वापरतो ते मोजून ऊर्जेचा खर्च काढतात. मनगटाला हा प्राणवायूचा खर्च कालही कळत नव्हता आणि आजही कळत नाही. त्यात आणखी एक गोंधळ. बरीच ॲप्स दिवसभराच्या एकूण कॅलरी दाखवतात. त्यातला मोठा वाटा नुसतं जिवंत राहण्याचा असतो. माणूस दिवसभर सोफ्यावर पडून राहिला तरी हजार-दीड हजार कॅलरी खर्च होतातच. रात्री 'आज २,१०० जाळल्या' हे वाचून जो खूश होतो, त्यातलं व्यायामाने जळालेलं किती हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दहा हजारांच्या आकड्याचीही जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, १९६५मध्ये, 'यामासा' या जपानी कंपनीने कमरेला लावायचं एक यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. गोल, लक्षात राहणारा आकडा, विकायला उत्तम. त्यामागे कुठलंही मोठं संशोधन नव्हतं. २०१९मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांपुढे फायदा वाढायचा थांबला. हा अभ्यास वजनाबद्दल नव्हता, आयुष्याबद्दल होता. म्हणूनच मला तो जास्त मोलाचा वाटतो. पण रात्री अकरा वाजता उरलेली सहाशे पावलं पुरी करायला हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या गृहस्थांनी एवढं लक्षात घ्यावं की आपण एका जपानी जाहिरातीची आज्ञा पाळतोय.

शरीरही हिशेबात आपली लबाडी करतं. हर्मन पाँटझर या मानवशास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाद्झा या शिकारी-भटक्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२मध्ये प्रसिद्ध केला. रोज मैलोन् मैल चालणाऱ्या या माणसांचा एकूण खर्च, देहाच्या आकारमानाचा हिशेब धरला तर, खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांएवढाच निघाला. पाँटझरचं म्हणणं असं की हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. किती करतं, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत. पण 'जास्त चाललो, तेवढीच चरबी गेली' ही बेरीज-वजाबाकी सरळ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता आपल्याकडचा मुद्दा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन यडकिन यांच्यासोबत २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा साठा, ही आपल्या लोकांची ठेवण. आयसीएमआरच्या २०२३च्या देशव्यापी अहवालात एकूण लठ्ठपणा २८.६ टक्के निघाला, पोटावरचा ३९.५ टक्के. म्हणजे आपलं मुख्य दुखणं वजनाच्या आकड्याहूनही कमरेच्या घेरात आहे, आणि तो घेर कुठल्याही मनगटाला दिसत नाही. शिंप्याच्या टेपला दिसतो. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्याच्या वर गेलात की जागे व्हा. टेप वीस-तीस रुपयांना मिळते आणि तिला चार्जिंग लागत नाही.

आता कुजकट कंपूकडे. त्यांचं आवडतं प्रमाण म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठातला, २०१६मध्ये 'जामा'त आलेला प्रयोग. १८ ते ३५ वयाची ४७१ माणसं, दोन वर्षं. बँडवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने घटलं, बँड नसलेल्यांचं ५.९ किलोने. झालं, बँड घातक! पण हा प्रयोग वाचलेला दिसत नाही. दोन्ही गटांना पहिले सहा महिने आहार, व्यायाम आणि समुपदेशनाचा कडक कार्यक्रम होता. त्यानंतर एका गटाला दंडावर बांधायचं यंत्र दिलं. दुसरा गट आपलं खाणं आणि हालचाल स्वतः नोंदवत राहिला. तुलना बँड आणि आळस यांची नव्हतीच. बँड आणि हाताने ठेवलेली नोंद यांची होती, आणि नोंद जिंकली. बँडला शिव्या घालणाऱ्यांनी यातून नेमकी ती नोंद गाळली, कारण ती ठेवायचे कष्ट त्यांनाही नको आहेत. आजोबांचा दाखला तर द्यायचाच असेल तर त्यांच्यासारखं रोज बारा तास राबायची तयारी असावी. नऊ ते सात संगणकासमोर बसून आजोबांचं नाव घेणं सोपं आहे.

त्यांचा एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. बँडचा उत्साह टिकत नाही. सिंगापुरात १३ संस्थांमधल्या ८०० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काहींना चालण्यासाठी रोख बक्षीसही दिलं. बक्षीस असेपर्यंत पावलं वाढली. वर्षअखेर जेमतेम दहा टक्के लोक पावलं मोजणारं यंत्र वापरत होते आणि वजन किंवा रक्तदाब यांत कुणाचाच लक्षणीय फायदा दिसला नाही.

मग वजन उतरतं कशाने? ताटाने. काही वर्षांपूर्वी डॉ. दीक्षितांचं दोन वेळा जेवण की आहारतज्ज्ञ दिवेकरांचं दर दोन तासांनी खाणं, यावर महाराष्ट्रात घराघरांत भांडणं झाली. पाहुणे गेले तरी वाद संपत नसे. त्या वादात कोण बरोबर हे जरा बाजूला ठेवा. वाद निदान योग्य जागी, ताटाभोवती चालला होता. आणि ताटावर लक्ष ठेवायचं सगळ्यांत जुनं साधन म्हणजे वही. अमेरिकेत २००८मध्ये सुमारे १,७०० जणांवरच्या अभ्यासात रोज खाल्लेलं लिहून ठेवणाऱ्यांचं वजन, मुळीच न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुपटीने घटलं. चहाबरोबरची चार बिस्किटं, मुलाच्या ताटातला उरलेला पराठा, ऑफिसातला वाढदिवसाचा केक : हे मनगट कधीच नोंदवत नाही, वही नोंदवते. म्हणूनच ती लिहायचा कंटाळा येतो.

बँडची खरी जागा याच्यानंतर येते. उतरलेलं वजन परत चढू न देणं हे उतरवण्याहून अवघड, आणि तिथे पाय कामाला येतात. अमेरिकेत १९९४पासून, बरंच वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले बहुसंख्य लोक दोन गोष्टी करतात : वजनकाट्यावर नियमित उभे राहतात आणि रोज तासभर हालचाल करतात, बहुतेक वेळा चालण्याची. हा तास चुकतोय की नाही, हे सांगायला बँड उत्तम. त्याच्या पावलांच्या आकड्यातही खोट असते, हे खरं. कणीक मळताना हात हलतो म्हणून दोन-चार फुकटची पावलं मिळतात, आणि ट्रॉली ढकलताना हात स्थिर म्हणून खरी पावलं बुडतात. पण कालच्यापेक्षा आज कमी की जास्त, एवढं कळायला तो पुरेसा आहे. सूर्यनमस्कार, जोर, बैठका यांची त्याला फारशी किंमत नाही. ती तुम्ही द्या, कारण वजन उतरताना स्नायू राखायचे असतात आणि ते पावलांनी राखले जात नाहीत.

तेव्हा बँड घेतलाच असेल तर ॲपमधला कॅलरीचा रकाना आजच लपवा. पहिला आठवडा काहीही न बदलता नुसती पावलं बघा. तो तुमचा खरा आकडा. साडेतीन हजार आला तर दहा हजारांच्या नादी लागू नका, साडेपाच करा आणि ते महिनाभर टिकवा. शेजारी वही आणि टेप ठेवा. आकड्यांनी जीव घाबरा होत असेल, जेवण चुकवून आकडे जुळवावेसे वाटत असतील, तर बँड काढून ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. आणि अजून घेतला नसेल तर घाई नको. पावलं तुमच्या फोनलाही मोजता येतात, फक्त तो अंगावर हवा. ज्या बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो, त्यांच्यासाठी मात्र बँडवर दीड हजार रुपये घालायला माझी हरकत नाही.